कॅमेरा पडद्यामागे नेणारा गॅरी शँडलिंग

विनोदी मालिका म्हटली की हशा ऐकू यायलाच हवा, असं अमेरिकन टेलिव्हिजन जवळजवळ चाळीस वर्षं धरून चाललं होतं. 1951 मध्ये 'आय लव्ह लूसी' सुरू झाली. त्या वेळी देसी आर्नाझ आणि छायालेखक कार्ल फ्रॉइंट यांनी जी पद्धत बसवली, तीच पुढे रूढ झाली. स्टुडिओत नाटकासारखा सेट, समोर बाकांवर बसलेले प्रेक्षक आणि एकाच वेळी फिरणारे तीन कॅमेरे. प्रेक्षक हसले की नट थांबत, हशा ओसरला की पुढचं वाक्य घेत. प्रेक्षक नसतील तिथे चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने तयार केलेलं एक यंत्र कामाला येई. कळ दाबली की साठवलेला हशा बाहेर पडे. कधी खुदखुद, कधी गडगडाट. युद्धभूमीवरच्या इस्पितळाची गोष्ट सांगणाऱ्या 'मॅश'लाही वाहिनीच्या आग्रहाखातर हा हशा जोडावा लागला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी घडणारे प्रसंग तेवढे त्यातून सुटले.

15 ऑगस्ट 1992 रोजी एचबीओवर 'द लॅरी सँडर्स शो' सुरू झाला. लॅरी सँडर्स हा रात्री उशिरा लागणाऱ्या एका काल्पनिक टॉक शोचा यजमान. मालिकेत तो पडद्याआडून मंचावर येई तेव्हा प्रेक्षकांच्या टाळ्या असत, हसणं असे, बँड वाजे. कार्यक्रम संपवून तो पडद्यामागे गेला की सगळं शांत. तिथे तो घाबरे, चिडे, खोटं बोले, स्वतःचा चेहरा टेलिव्हिजनवर कसा दिसतो यावरून झुरे, आणि या सगळ्यावर कुणीही हसत नसे. हसायचं की नाही, हे घरी बसलेल्या माणसाने आपलं आपण ठरवायचं.

हशाविना चालणाऱ्या मालिका त्याआधीही झाल्या होत्या. 'द वंडर इयर्स' हे त्यातलं ठळक नाव. पण इथे हशा काढून घेणारा माणूस वेगळा होता. गॅरी शँडलिंग हा मुळात स्टँड-अप कलावंत. अनोळखी लोकांनी भरलेल्या अंधाऱ्या खोलीत एकट्याने उभं राहून दर पंधरा-वीस सेकंदांनी हशा मिळवायचा, ही त्याची रोजीरोटी. तोच माणूस निर्माता झाला आणि आपल्या मालिकेतल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी त्याने हशा बंद केला. त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा निर्णय, असं मला वाटतं. तो त्याने का घेतला, हे समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

शँडलिंगचा जन्म 29 नोव्हेंबर 1949 रोजी शिकागोत झाला. थोरला भाऊ बॅरी याला सिस्टिक फायब्रोसिस होता. फुफ्फुसांत घट्ट कफ साठत जाणारा हा आनुवंशिक आजार. त्या काळात अशी मुलं फारशी जगत नसत. कोरडी हवा मानवेल म्हणून घर ॲरिझोनातल्या टूसॉनला हललं. तिथे वडिलांचा छापखाना होता, आईचं पाळीव प्राण्यांचं दुकान. गॅरी दहा वर्षांचा असताना बॅरी गेला. धाकट्याला अंत्यविधीला नेलं नाही आणि घरात त्या विषयावर नीट बोलणंही झालं नाही. मोठेपणी त्याने वह्याच्या वह्या लिहिल्या आणि त्या वह्यांत हा भाऊ पुन्हा पुन्हा येतो. घरात कुणी मोकळं बोलत नाही, सगळे दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहतात, हे त्याने लहानपणीच पाहिलं होतं. त्याच्या मालिकेतली माणसंही नेमकी तशीच बोलतात.

ॲरिझोना विद्यापीठात तो आधी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला गेला, मग मार्केटिंगकडे वळला. एकोणिसाव्या वर्षी त्याने काही विनोद कागदावर उतरवले आणि दोन तास गाडी चालवत फिनिक्स गाठलं. तिथल्या एका क्लबात विनोदकार जॉर्ज कार्लिनचा कार्यक्रम होता. कार्लिनने कागद ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. पोरगा पुन्हा तेवढंच अंतर कापून गेला. कार्लिनने खरोखरच सगळं वाचून ठेवलं होतं. प्रत्येक पानावर काहीतरी चांगलं आहे, याच मार्गाला लागायचं असेल तर लाग, असं त्याने सांगितलं. नावारूपाला आलेल्या कलावंताने एका अनोळखी विद्यार्थ्यासाठी एवढा वेळ काढावा, याचं महत्त्व शँडलिंग शेवटपर्यंत विसरला नाही. पुढे त्याच्या घरी नव्या विनोदकारांची जी ये-जा असायची, तिचं मूळ मला या फिनिक्सच्या खेपांत दिसतं.

1973 मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. थोडे दिवस जाहिरात एजन्सीत काढले आणि मग 'सॅनफर्ड अँड सन' या गाजलेल्या मालिकेसाठी त्याची संहिता विकली गेली. पाठोपाठ 'वेलकम बॅक, कॉटर'चं काम मिळालं. पंचविशी ओलांडलेल्या मुलासाठी हे चांगलंच बस्तान होतं. पण या कामात एक चौकट होती. पात्रं आधीच ठरलेली, त्यांच्या बोलण्याच्या लकबी ठरलेल्या. लेखकाने दर आठवड्याला त्याच लकबींत बसणारी वाक्यं पुरवायची. 'थ्रीज कंपनी'च्या एका बैठकीत कुणीतरी हरकत घेतली, की हे वाक्य क्रिसीच्या तोंडी शोभणारं नाही. क्रिसी म्हणजे त्या मालिकेतली भोळी नायिका. हे काम आपल्याच्याने होणार नाही, हे शँडलिंगला त्या क्षणी उमगलं. 1977 मध्ये त्याला मोठा मोटार अपघात झाला आणि तो मरता मरता वाचला. बरा झाल्यावर त्याने लेखकाची स्थिर कमाई सोडली आणि मंचावर उभं राहायचं ठरवलं.

सनसेट बुलेव्हार्डवरचा 'कॉमेडी स्टोअर' हा त्या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा क्लब. मालकीणबाई मिट्झी शोअर. नवोदितांना तिथे वेळ मिळे, पैसे मिळत नसत. इथे उभं राहायला मिळतंय हाच मोबदला, अशी त्यांची भूमिका होती. दारू आणि तिकिटांचं उत्पन्न क्लबाचं, विनोद मात्र फुकट. 1979 च्या वसंतात कलावंतांनी संप पुकारला. जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन हे विनोदकार संपाच्या बाजूने उभे राहिले. संप मिटला तेव्हा एका खेळामागे 25 डॉलर मिळायला लागले. शँडलिंगने हा संप मोडला; तो आत जाऊन कार्यक्रम करत राहिला. त्याला नुकती कुठे संधी मिळायला लागली होती, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. कष्टाचे पैसे मागणाऱ्या सहकाऱ्यांना त्याने साथ दिली नाही, ही गोष्ट त्याच्या चरित्रातून पुसता येत नाही आणि पुसूही नये.

मंचावरचा शँडलिंग कसा होता? सूट घातलेला, जाड ओठांचा, केसांची सतत काळजी करणारा, बायकांपुढे बावचळणारा एकटा पुरुष. आवाज चढवायचा नाही. वाक्य संपलं की जरा थांबायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, आपण आत्ता काय बोललो हे आपल्यालाच पटलेलं नाही असा चेहरा करायचा. हशा शब्दांवर येई त्यापेक्षा या थांबण्यावर जास्त येई. 1981 मध्ये त्याला जॉनी कार्सनच्या 'द टुनाइट शो'मध्ये पाच-सहा मिनिटं मिळाली.

कार्सनचं स्थान काय होतं ते इथे सांगायला हवं. 1962 पासून एनबीसीवर रात्री साडेअकराला हा माणूस दिसायचा. आधी स्वगत, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा. अर्धी अमेरिका त्याला बघत झोपायची. नव्या विनोदकाराला त्याने पसंती दिली की देशभरातले क्लब त्याच्यासाठी उघडत. हाच साचा पुढे जगभर गेला. आपल्याकडे 1997 मध्ये सोनीवर शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' आला तो याच वळणाचा. कार्सन सुट्ट्या भरपूर घेई आणि त्या रात्री टेबलामागे दुसऱ्या कुणाला तरी बसवलं जाई. 1983 पासून हा मान शँडलिंगला मिळायला लागला. पुढे तो आणि लेनो आळीपाळीने बसत.

या बदली-यजमानकीने त्याला जे दाखवलं ते क्लबात कधीच दिसलं नसतं. जाहिरातींचा ब्रेक लागला, बँड वाजायला लागला की टेबलापाशी काय होतं? कॅमेऱ्यापुढे आत्ताच खदखदून हसलेला यजमान हातातल्या कार्डांकडे वळतो. शेजारी बसलेली नटी आरशात बघते. निर्माता वाकून कानाशी सांगतो, की पुढच्या पाहुण्याची वेळ कापायची आहे. मेकअपवाली घाम टिपते. दोन माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेली असतात आणि त्यांच्याकडे बोलायला काही नसतं. मग उलटी मोजणी, लाल दिवा, आणि पुन्हा जुनी दोस्ती असल्यासारखा चेहरा. शँडलिंगने हे वर्षानुवर्षं जवळून पाहिलं. त्याला यात एक अख्खी मालिका दिसली. पण ती करायच्या आधी त्याने दुसरी एक केली.

1986 मध्ये शोटाइम या केबल वाहिनीवर 'इट्स गॅरी शँडलिंग्ज शो' सुरू झाला. सहनिर्माता होता 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मधून आलेला लेखक ॲलन झ्वायबेल. यात शँडलिंग 'गॅरी शँडलिंग' नावाच्या विनोदकाराचीच भूमिका करायचा. घर त्याचं, पण ते सेट आहे हे त्याला ठाऊक. बोलता बोलता तो कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी बोले. समोर बसलेले प्रेक्षक त्या घरात येऊ शकत. शीर्षकगीताचा विषय काय, तर हे शीर्षकगीत आहे, एवढाच. या मालिकेत 1988 मध्ये गिल्डा रॅडनर पाहुणी म्हणून आली होती. ही अत्यंत लाडकी विनोदी नटी कर्करोगाशी झुंजत होती आणि झ्वायबेल तिचा जिवलग मित्र. टेलिव्हिजनवरचं तिचं हे शेवटचं काम. इतके दिवस कुठे होतीस, असं विचारल्यावर ती आजाराबद्दल बेधडक बोलली आणि लोकांना हसवलं. 1990 पर्यंत या मालिकेचे 72 भाग झाले. दरम्यान, 1987 मध्ये त्याने कार्सनकडची बदली-यजमानकी सोडली आणि ती लेनोकडे गेली.

वाहिनी केबलची होती, याला अर्थ आहे. एनबीसी, सीबीएस, एबीसी यांचं पोट जाहिरातींवर. जाहिरातदाराला जास्तीत जास्त प्रेक्षक हवे असतात आणि कुणीही दुखावलेलं नको असतं. एचबीओ आणि शोटाइम घराघरातून मिळणाऱ्या मासिक वर्गणीवर चालत. त्यांना प्रत्येक कार्यक्रम सगळ्यांनी पाहायची गरज नव्हती. महिन्याकाठी पैसे भरावेत इतकं वेगळं काहीतरी आपल्याकडे आहे, असं गिऱ्हाइकाला वाटलं की पुरे. शिव्या चालत, अवघड विषय चालत, संथपणाही चालत असे. 'द सोप्रानोज' आणि 'सेक्स अँड द सिटी' येऊन एचबीओचा दबदबा झाला त्याच्या कितीतरी आधी, ही वाहिनी प्रामुख्याने सिनेमे आणि मुष्टियुद्ध दाखवत होती तेव्हा, शँडलिंग तिथे आपलं काम करत होता.

आता 'लॅरी सँडर्स'. डेनिस क्लाइन या लेखकासोबत त्याने ही मालिका रचली. वेळ अचूक साधली होती. 22 मे 1992 रोजी कार्सनने निरोप घेतला, गादी लेनोकडे गेली, एनबीसीवर कार्सनच्या नंतरचा कार्यक्रम करणारा लेटरमन दुखावला आणि पुढच्या वर्षी सीबीएसवर निघून गेला. रात्रीच्या यजमानपदासाठीची ही चुरस वर्तमानपत्रांत रोज रंगत होती. लेटरमनची रिकामी झालेली जागा एनबीसीने शँडलिंगलाच देऊ केली. त्याने नकार दिला. खऱ्या यजमानाच्या खुर्चीपेक्षा खोट्या यजमानाची गोष्ट त्याला मोलाची वाटली. हातात आलेली एवढी कमाई आणि कीर्ती नाकारून तो आपल्या गोष्टीपाशी थांबला, याबद्दल मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

मालिका तीन माणसांवर उभी होती. लॅरी, म्हणजे शँडलिंग. हँक किंग्जली हा लॅरीचा मंचावरचा जोडीदार, म्हणजे जेफ्री टँबर. यजमानाच्या शेजारी बसून त्याच्या प्रत्येक वाक्याला हसणं हेच त्याचं काम, आणि आपल्यालाही मान मिळावा ही त्याची न संपणारी भूक. तिसरा आर्टी, कार्यक्रमाचा निर्माता, रिप टॉर्नने उभा केलेला. हे पात्र कार्सनचा निर्माता फ्रेड डी कोर्डोव्हा याच्यावरून घेतलं होतं. आर्टी सगळ्यांशी गोड बोलतो आणि सगळ्यांशी खोटं बोलतो. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना लॅरीपर्यंत पोचू देत नाही, लॅरीच्या भीतीवर फुंकर घालतो, कुणाला कामावरून काढायचं असेल तर तेही तोच उरकतो. यजमानावर त्याचं खरंखुरं प्रेम आहे. टेलिव्हिजनचा निर्माता दिवसभर काय करतो, हे इतकं बारकाईने दुसऱ्या कुठल्या मालिकेने दाखवल्याचं मला आठवत नाही.

चित्रण दोन प्रकारे होई. टॉक शोचा भाग व्हिडिओ टेपवर, अनेक कॅमेऱ्यांनी, प्रेक्षकांसमोर. तो खऱ्या टॉक शोसारखाच चकचकीत, सपाट उजेडातला. पडद्यामागचा भाग 16 मिलिमीटर फिल्मवर, कॅमेरा माणसांच्या मागे मागे बोळांतून फिरवत. तिथे चित्र दाणेदार, रंग मंद. कुणी काही न सांगता प्रेक्षकाला कळे, की आता आपण आत आलो. शॅरन स्टोन, रॉबिन विल्यम्स, डेव्हिड डुकोव्हनी असे खरे तारे स्वतःच्याच नावाने येत, पाहुण्यांच्या खुर्चीत गोड वागत आणि मागे गेल्यावर लहरी, हट्टी किंवा असुरक्षित दिसत. आपली अशी प्रतिमा दाखवायला ते तयार झाले, कारण शँडलिंगवर त्यांचा विश्वास होता.

आणि इथे तो हशाचा निर्णय समजतो. समोर प्रेक्षक बसले असले की नट त्यांच्याकडे झुकतो. वाक्य जरा जोरात टाकतो, हशासाठी थांबतो. खऱ्या आयुष्यात माणूस लागट बोलल्यावर थांबत नाही, तो विषय बदलतो. शँडलिंग नटांना सांगत राही, की विनोद उठवायच्या मागे लागू नका. हा माणूस आत्ता काय लपवतोय ते मनात धरून बोला. दोन माणसांना एकमेकांबद्दल माया आहे, पण धंदा मध्ये येतो म्हणून ती दाखवता येत नाही, असं तो आपल्या मालिकेचं सार सांगायचा. ही माया हशाच्या आवाजाखाली ऐकूच आली नसती. क्लबात त्याने जे थांबणं कमावलं होतं, त्यात हशा भरायचा. मालिकेत त्याने ते तसंच रिकामं ठेवलं.

आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा, अशी समजूत आहे. अमेरिकन मालिकांत प्रमुख निर्माता बहुधा प्रमुख लेखकच असतो. तो 'रायटर्स रूम' चालवतो. टेबलाभोवती सात-आठ लेखक बसतात, गोष्टीचा आराखडा फळ्यावर मांडतात, एकजण मसुदा लिहितो, सगळे मिळून तो फोडतात. मग नट टेबलाभोवती बसून संहिता मोठ्याने वाचतात. जे पडलं ते रात्री पुन्हा लिहायचं. दुसऱ्या दिवशी चित्रीकरण, त्यानंतर संकलन. या सगळ्यावर शेवटचा शब्द प्रमुख निर्मात्याचा. एकट्याने मंच गाजवणाऱ्या माणसाला हे जड जातं. स्टँड-अपमध्ये विनोद पडला तर तो कलावंताचा एकट्याचा असतो आणि उद्या रात्री तो दुरुस्त करता येतो. इथे शंभरेक माणसांचा रोजगार अंगावर असतो. शँडलिंग स्वतः प्रमुख भूमिका करायचा, लिहायचा, पुन्हा लिहायचा, शंका काढायचा, ठरलेलं मोडायचा. काही लेखक त्याला कंटाळून गेले. जे टिकले ते मात्र घडले.

ही यादी पाहावी अशी आहे. पॉल सिम्सने पुढे 'न्यूजरेडिओ' केली. स्टीव्हन लेव्हिटनने 'जस्ट शूट मी' आणि नंतर 'मॉडर्न फॅमिली'. पीटर टोलनने 'रेस्क्यू मी'. सगळ्यात जवळचा शिष्य जड ॲपटाव. शाळेत असताना शाळेच्या रेडिओ केंद्रासाठी त्याने विनोदकारांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यांत शँडलिंग होता. पुढे त्याने शँडलिंगसाठी विनोद लिहिले, 'लॅरी सँडर्स'मध्ये लेखक झाला, आणि शँडलिंगने त्याला दिग्दर्शनही करू दिलं. 'फ्रीक्स अँड गीक्स' आणि त्यानंतरचे ॲपटावचे सिनेमे याच तालमीतून आले. 'द ऑफिस'चा कर्ता रिकी जर्व्हेस यानेही शँडलिंगचं ऋण मान्य केलं आहे. कचेरीतली माणसं, हलता कॅमेरा, अवघडलेली शांतता, हशा नाही. आज हे सगळं इतकं रुळलंय की ते कुणी तरी पहिल्यांदा धाडसाने केलं होतं, हे लक्षातही येत नाही.

या सत्तेची दुसरी बाजूही होती. अभिनेत्री लिंडा डूसेट मालिकेत हँकच्या सहायिकेची भूमिका करायची आणि शँडलिंगची वाग्दत्त वधूही होती. नातं तुटलं आणि तिचं कामही गेलं. तिने दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. ज्या माणसाने कामाच्या जागी होणाऱ्या अन्यायाचे इतके बारकावे टिपले, त्याच्याच सेटवर हे घडलं. प्रियकर आणि मालक एकच असला की बाईच्या हातात किती कमी उरतं, हे या प्रकरणात दिसतं.

दुसरा वाद पैशांचा, आणि तो साऱ्या हॉलिवूडने कान टवकारून ऐकला. ब्रॅड ग्रे हा शँडलिंगचा मॅनेजर. मॅनेजरचं काम कलावंताच्या बाजूने घासाघीस करणं. त्याबद्दल त्याला कलावंताच्या कमाईतून कमिशन मिळतं. पण ग्रे 'लॅरी सँडर्स'चा कार्यकारी निर्माताही होता, म्हणजे मालिकेतूनही त्याला पैसे मिळत आणि मालकीतही त्याचा वाटा होता. कलावंताला जास्त मिळवून द्यायचं की निर्मितीत वाचवायचं, हे एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी बसून ठरवायचं! शिवाय आपल्या लेखकांना फोडून ग्रेने त्यांच्याबरोबर दुसऱ्या मालिकांचे करार केले, असं शँडलिंगचं म्हणणं होतं. 1998 च्या जानेवारीत त्याने 10 कोटी डॉलरचा दावा ठोकला. ग्रेने आरोप नाकारले आणि उलट दावा लावला. 1999 मध्ये खटला उभा राहण्याआधी तडजोड झाली. पण प्रकरण तिथे थांबलं नाही. अँथनी पेलिकॅनो नावाच्या खासगी गुप्तहेरावर बेकायदा पाळतीचा खटला चालला, त्यात या दाव्याच्या काळात शँडलिंगची माहितीही चोरून काढली गेल्याचं निघालं. 2008 मध्ये तो न्यायालयात साक्षीला उभा राहिला. तोवर ग्रे पॅरामाउंट स्टुडिओचा प्रमुख झाला होता. जवळजवळ दोन दशकांचा स्नेह असा संपला. शँडलिंगच्या मित्रांच्या सांगण्यानुसार यातून तो पुरता सावरला नाही.

त्याच 1998 मध्ये, 31 मे रोजी, मालिकेचा शेवटचा भाग लागला. ब्रेकला जाताना लॅरी प्रेक्षकांना चॅनल बदलू नका असं बजावायचा, त्यावरून त्या भागाचं नाव 'फ्लिप'. सहा वर्षांत मालिकेला एमी या टेलिव्हिजन पुरस्कारांची 56 नामांकनं मिळाली आणि पुरस्कार तीन: एक रिप टॉर्नला, आणि शेवटच्या भागाच्या लेखन-दिग्दर्शनाला प्रत्येकी एक. लेखनाचा शँडलिंग आणि टोलन यांना मिळून.

त्यानंतर त्याने दुसरी मालिका केली नाही. 2000 मध्ये माइक निकोल्सने दिग्दर्शित केलेला त्याचा सिनेमा पडला. एमी सोहळ्याचं सूत्रसंचालन केलं. 'आयर्न मॅन 2'मध्ये सेनेटर स्टर्न झाला. जगातल्या बहुतेक तरुण प्रेक्षकांना तो तेवढाच माहीत आहे. दर रविवारी त्याच्या घरामागच्या मैदानात बास्केटबॉल रंगे. खेळायला विनोदकार, लेखक, नट येत. खेळ झाला की एखादा आपली अडलेली संहिता पुढे करी आणि शँडलिंग ती वाचे. अनेक वर्षं तो बौद्ध ध्यान करत होता. 24 मार्च 2016 रोजी फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो अचानक गेला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. त्याच्या इस्टेटीतून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए वैद्यकीय महाविद्यालयाला 1 कोटी 52 लाख डॉलर मिळाले, मुख्यतः अंतःस्रावी ग्रंथी, स्वादुपिंड आणि संसर्गजन्य आजारांवरच्या संशोधनासाठी.

2018 मध्ये ॲपटावने एचबीओसाठी 'द झेन डायरीज ऑफ गॅरी शँडलिंग' हा दोन भागांचा माहितीपट केला. त्यात त्या वह्यांची पानं दिसतात. विनोदांच्या मसुद्यांशेजारी स्वतःलाच दिलेल्या सूचना, आणि बॅरीला उद्देशून लिहिलेला मजकूर. शिष्याने गुरूबद्दल केलेला असूनही माहितीपट त्याचे दोष झाकत नाही, हे ॲपटावच्या श्रेयाचं.

मालिका नव्याने पाहणाऱ्याने पहिल्या भागापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. तिसऱ्या सीझनमधला 'हँक्स नाइट इन द सन' हा भाग आधी बघावा. लॅरी आजारी पडतो, ऐनवेळी दुसरा कुणी मिळत नाही आणि आयुष्यभर शेजारच्या खुर्चीत बसलेल्या हँकला यजमानाची खुर्ची मिळते. पहिली रात्र तो थरथरत पार पाडतो आणि लोक खूष होतात. दुसऱ्या रात्री तो आधीच बदललेला असतो. रुबाब, हुकूम, फाजील खात्री. मंचावर जाताच सगळं कोसळतं. हा भाग पाहताना हँकचा राग येतो, त्याची कीव येते आणि हसूही आवरत नाही. तो आवडला तर मग 'एव्हरीबडी लव्ह्ज लॅरी' पाहावा, आणि त्यानंतर सुरुवातीपासून सलग.